मंजुरीही तीच, शिक्षाही तीच : ‘सँक्शन’ या शब्दाची कुळकथा

मराठी माणसाच्या बोलण्यात ‘सँक्शन’ हा इंग्रजी शब्द बहुधा कर्जाच्या निमित्ताने शिरतो. गृहकर्ज सँक्शन झाले, बँकेचे सँक्शन लेटर आले, आता रक्कम हाती पडायची तेवढी राहिली, अशी वाक्ये घराघरांत ऐकू येतात. सरकारी कचेऱ्यांतही हा शब्द याच अर्थाने रुळला असून मंजूर पदे, मंजूर नकाशा, बांधकामाच्या अंदाजपत्रकाला मिळणारी तांत्रिक मंजुरी आणि वीजबिलावर छापलेला ‘मंजूर भार’ या सर्वांच्या मागे इंग्रजीतील हाच शब्द उभा आहे. त्याच वाचकाने इंग्रजी वृत्तपत्राचे आंतरराष्ट्रीय पान उघडले, की तेथे अमेरिकेने अमुक देशावर किंवा तमुक कंपनीवर ‘सँक्शन्स’ लादल्याची बातमी असते आणि तेथे त्याचा अर्थ मंजुरीच्या नेमका उलट, म्हणजे दंडात्मक निर्बंध, असा होतो. एकाच शब्दाने परवानगी आणि शिक्षा अशा दोन विरोधी गोष्टी सांगाव्यात, हे विद्यार्थ्याला खटकते; आणि शब्दापुढे एक अर्थ लिहून पाठ करण्याची शाळेतील रीत येथे त्याच्या फारशी कामी येत नाही.

परस्परविरुद्ध अर्थ एकाच रूपात वागवणाऱ्या शब्दांना इंग्रजीत जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवतेवरून ‘जेनस शब्द’ म्हणतात. ‘ओव्हरसाइट’ हा त्यांपैकीच एक असून त्याचा अर्थ देखरेख असाही होतो आणि नजरचूक असाही होतो. अशा काही शब्दांच्या बाबतीत मुळात निराळ्या असलेल्या दोन शब्दांची रूपे कालांतराने केवळ योगायोगाने एकसारखी झालेली असतात. ‘सँक्शन’चे तसे नाही. त्याचे दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत आणि ते मूळ रोमन कायद्यात सापडते.

लॅटिन भाषेतील ‘सँकिरे’ या क्रियापदाचा अर्थ पवित्र करणे, आणि पवित्र केल्यामुळे अनुल्लंघ्य ठरवणे, असा होता. संत या अर्थाचा इंग्रजी ‘सेंट’ आणि अभयस्थान या अर्थाचा ‘सँक्चुअरी’ हे शब्द त्याच कुळातले आहेत. या क्रियापदावरून ‘सँक्शिओ’ हे नाम तयार झाले. कायद्याच्या मसुद्यात नियम मोडणाऱ्याला कोणता दंड होईल हे सांगणारे जे कलम असे, त्याला रोमन विधिज्ञ ‘सँक्शिओ’ म्हणत. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. 533 मध्ये सिद्ध झालेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या पाठ्यग्रंथात याचा खुलासा मोठा मार्मिक आहे. नगराचे तट आणि वेशी यांना ‘सँक्टस’ का म्हणावे, तर त्यांचा भंग करणाऱ्याला देहदंड ठरवलेला आहे म्हणून, आणि कायद्याच्या ज्या भागात दंड सांगितलेला असतो त्यालाही त्याच कारणाने ‘सँक्शिओ’ म्हणतात, असे त्या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. नव्याने वसत असलेल्या रोमचा तट ओलांडणाऱ्या रीमसला प्राणास मुकावे लागले, ही दंतकथाही रोमन विधिज्ञांनी याच संदर्भात नोंदवली आहे. सारांश, एखादी गोष्ट पवित्र म्हणून मान्य करणे आणि तिचा भंग करणाऱ्याला शिक्षा ठरवणे या रोमन दृष्टीने दोन क्रिया नव्हत्याच. ज्या मान्यतेमागे दंडाचे बळ नाही ती मान्यता पोकळ, असा त्यामागचा रोखठोक विचार होता.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तेव्हा त्याचा अर्थ राजाज्ञा किंवा विधी असा होता. ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ या ऐतिहासिक संज्ञेत तो जुना अर्थ आजही टिकून आहे. हॅब्सबर्ग घराण्यातील सम्राट सहावा चार्ल्स याने 1713 मध्ये, आपल्या राज्याचे तुकडे होऊ नयेत आणि मुलगा नसल्यास ते मुलीकडे जावे यासाठी जे शासन काढले, त्याला हे नाव आहे. युरोपातील अनेक राजांनी त्याला मान्यता दिली, परंतु 1740 मध्ये चार्ल्स वारला आणि त्याची कन्या मारिया थेरेसा गादीवर आली, तेव्हा त्यांतल्या काहींनी ती मान्यता गुंडाळून ठेवली आणि ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध पेटले. शब्दाला दंडाचे बळ उरले नाही, की त्याचे काय होते हे रोमन विधिज्ञांनी अधिक नेमके सांगितले असते.

पुढे तत्त्ववेत्त्यांनी या शब्दाला पारिभाषिक रूप दिले. जेरेमी बेंथम याने 1789 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीती आणि कायदा यांवरील ग्रंथात माणसाच्या वर्तनाला बांधून ठेवणाऱ्या चार ‘सँक्शन्स’ सांगितल्या: निसर्गाची, राजसत्तेची, लोकमताची आणि धर्माची. त्याच्या लेखी सुखाची आशा आणि दुःखाची भीती या दोन्हींचा त्यात समावेश होता, म्हणजे बक्षीस हीसुद्धा ‘सँक्शन’च होती. जॉन ऑस्टिन याने 1832 मध्ये मांडलेल्या उपपत्तीत कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि ‘सँक्शन’ म्हणजे ती आज्ञा मोडल्यास भोगावे लागणारे अनिष्ट, असा अर्थ आवळून धरला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत भेटणारा अर्थ तो हाच. समाजशास्त्राने मात्र बेंथमची वाट धरली, कारण समाज आपल्या सदस्याला जे प्रोत्साहन देतो त्याला त्या शास्त्रात सकारात्मक आणि जी शिक्षा देतो तिला नकारात्मक ‘सँक्शन’ म्हणतात. गावकीने किंवा जात पंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हे नकारात्मक प्रकाराचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले कठोर उदाहरण होय; आणि सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करण्यासाठी राज्याने 2016 चा जो अधिनियम केला, त्याद्वारे समाजाची एक ‘सँक्शन’ राज्याच्या दुसऱ्या ‘सँक्शन’ने दंडनीय ठरवली.

मंजुरी देणे या अर्थाने क्रियापद म्हणून या शब्दाचा वापर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, तर राष्ट्रांवरील निर्बंध हा अर्थ पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या काळात रूढ झाला. इटलीने 1935 मध्ये ॲबिसिनियावर स्वारी केली तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर घातलेल्या व्यापारी बंधनांमुळे तो जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचला. त्या बंधनांतून खनिज तेल वगळले गेले होते आणि 1936 च्या जुलैमध्ये ती उठवलीही गेली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 41 व्या कलमानुसार सुरक्षा परिषद जे निर्बंध घालते, त्यांना सारे जग ‘सँक्शन्स’ म्हणत असले, तरी त्या कलमात सशस्त्र बळाविना योजायचे उपाय एवढेच म्हटले आहे. भारताने या शब्दाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत हा 1946 मध्ये पहिला देश ठरला आणि पोखरण येथे मे 1998 मध्ये अणुचाचण्या झाल्यावर अमेरिकेचे निर्बंध त्याच्याच वाट्याला आले, जे सप्टेंबर 2001 मध्ये उठले.

इतिहास समजला तरी नेमक्या वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर शेजारच्या शब्दांत शोधावे लागते. नाम एकवचनी असेल आणि त्याच्यासोबत देणे, मिळवणे, मागणे अशा अर्थाची क्रियापदे असतील, तर मंजुरी समजावी. अनेकवचन असेल आणि लादणे, कडक करणे, उठवणे अशी क्रियापदे असतील, तर निर्बंध समजावेत. क्रियापदाच्या बाबतीत कर्माकडे पाहावे. कर्ज, प्रकल्प, रजा, खर्च किंवा कृती हे कर्म असेल, तर अर्थ मंजूर करणे असा होतो. व्यक्ती, कंपनी, जहाज किंवा देश हे कर्म असेल, तर दंडित करणे असा होतो. हा दुसरा क्रियापदी अर्थ विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाला आणि जुन्या वळणाच्या इंग्रजी लेखकांना तो बराच काळ खुपला. आता तो मान्य झाला आहे आणि त्यावर नाके मुरडण्यात अर्थ नाही. विशेषणांत विद्यार्थी अधिक फसतो. ‘स्टेट-सँक्शन्ड’ म्हणजे राज्याने मान्यता दिलेले, ‘अनसँक्शन्ड’ म्हणजे विनापरवाना, मुष्टियुद्धातील ‘सँक्शनिंग बॉडी’ म्हणजे विजेतेपदाच्या लढतींना अधिकृत मान्यता देणारी संघटना. परंतु ‘सँक्शन्ड’ हे विशेषण एकटेच एखाद्या उद्योगपतीच्या किंवा तेलवाहू जहाजाच्या आधी लागले, तर तो उद्योगपती किंवा ते जहाज निर्बंधांच्या यादीत गेले असे समजावे.

भारतीय कायद्यात या शब्दाचा आणखी एक प्रयोग आहे, जो बातमीतून वाचताना हमखास गोंधळ उडवतो. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी सेवकावर खटला चालवायचा, तर न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची ‘सँक्शन’ लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 197 व्या कलमात असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 218 व्या कलमात आली असून, 120 दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे तिथे मानले जाते. म्हणजे अधिकाऱ्याविरुद्ध ‘सँक्शन’ मिळाली याचा अर्थ त्याला शिक्षा झाली असा नसून, त्याच्यावर खटला भरण्याची परवानगी मिळाली एवढाच आहे.

मराठीने मात्र हे ओझे दोन खांद्यांवर वाटून घेतले आहे. मान्यतेसाठी अरबी-फारसीतून आलेला ‘मंजूर’ (त्याचे मूळ ‘नजर’ या शब्दाच्याच कुळातले, म्हणजे पाहून संमत केलेला), आणि दंडासाठी संस्कृत वळणाचे ‘निर्बंध’ व ‘शास्ती’. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना परिचित असलेला ‘शास्तीकर’ ज्या घरांवर बसला, ती घरे मंजूर नकाशाविना उभी राहिलेली होती. इंग्रजीत सांगायचे तर एक ‘सँक्शन’ नव्हती म्हणून दुसरी लागू झाली. भाषांतर करणाऱ्याने म्हणूनच वाक्याचे कर्म पाहिल्याशिवाय मराठी शब्द निवडू नये. इंग्रजीतून लिहिणाऱ्याने, जेथे दोन्ही अर्थ निघू शकतात तेथे हा शब्द टाळून मान्यतेसाठी ‘अप्रूव्ह’ आणि दंडासाठी ‘पीनलाइज’ हे साधे शब्द वापरावेत, आणि ‘सँक्शन’ कायद्याच्या कलमांसाठी व निर्बंधांच्या बातम्यांसाठी राखून ठेवावा.