पावणेचार लाख आणि शून्य

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये मी गेली 22 वर्षं जमाखर्चाची कामं करतो. माझ्याकडची बरीचशी खाती स्टीलच्या भांड्यांची. डबे, पातेली, ताटं इथे तयार होतात आणि त्यातला काही माल दुबईच्या देरा भागातल्या आणि शारजाच्या बाजारात जातो. इथला गाळा थोरल्या भावाचा, तिकडचं दुकान धाकट्याचं किंवा चुलतभावाचं, अशी मांडणी मी किती तरी घरांत पाहिली. तिकडच्या दुकानाच्या हिशेबाबद्दल विचारलं की वर्षानुवर्षं एकच उत्तर यायचं, "दुबईला टॅक्स नसतो, साहेब." मीही तेवढ्यावर पान उलटायचो.

31 जानेवारी 2022 च्या सोमवारी संयुक्त अरब अमिरातीच्या अर्थ मंत्रालयाने कंपन्यांच्या नफ्यावर कर लावणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून या घरांना नवी भाषा शिकावी लागली. नऊ टक्के कर भरून कुणी अडचणीत आलेलं मला आठवत नाही. अडचणीत आले ते शून्याचा अर्थ चुकीचा लावणारे. म्हणून हा मागोवा कराचा कमी आणि शब्दांचा जास्त आहे.

"टॅक्स नसतो" हे तसं आधीही पूर्ण खरं नव्हतं. परदेशी बँका आणि तेल कंपन्यांना तिथे पूर्वीपासून कर होता. आयात मालावर आखाती देशांची 5 टक्के जकात होती. ट्रेड लायसन्सची दरवर्षीची फी होती, दुबईत घरभाड्यावर नगरपालिकेचा आकार होता. पण नफ्याचा हिशेब कुणी मागत नव्हतं, आणि आपल्या माणसाला तेच महत्त्वाचं वाटायचं. 1966 पर्यंत त्या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. तेलाचे दिवस आल्यावर उत्तनपासून नया नगरपर्यंत घराघरातून माणसं गेली. दातारांनी 1984 मध्ये दुबईत सुरू केलेल्या अल अदीलचं नाव तर मराठी घरांत उदाहरण म्हणून घेतलं जातं. या सगळ्या पिढीने दुकान चालवलं ते रोख, उधारी आणि गोदाम या तीन गोष्टी सांभाळून. ताळेबंद ही त्यांच्या लेखी भारतातली गोष्ट होती.

पहिला धक्का 1 जानेवारी 2018 ला बसला, 5 टक्के व्हॅटचा. इथेच 3,75,000 हा आकडा पहिल्यांदा लोकांच्या तोंडी आला. बारा महिन्यांत करपात्र विक्री 3,75,000 दिरहमच्या वर गेली तर व्हॅटची नोंदणी सक्तीची. गाळ्यांमध्ये तो "पावणेचार लाख" म्हणून रुळला. छोट्या दुकानदाराने तो पाठ केला : पावणेचार लाखांच्या आत असलो की आपल्याला काही करायचं नाही.

पुढे कॉर्पोरेट टॅक्सचा कायदा आला, 2022 चा 47 क्रमांकाचा, आणि 1 जून 2023 किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना लागू झाला. त्यातही तोच आकडा. करपात्र नफ्याच्या पहिल्या 3,75,000 दिरहमवर शून्य टक्के, त्यापुढे 9 टक्के. म्हणजे 5 लाख दिरहम करपात्र नफा असेल तर वरच्या सव्वा लाखावर कर, 11,250 दिरहम. गणित सातवीच्या मुलालाही जमेल असं. पण एकच आकडा दोन कायद्यांत दोन अर्थांनी आला होता. व्हॅटमध्ये तो विक्रीचा होता आणि नोंदणीचा उंबरठा होता. इथे तो नफ्याचा आहे आणि दराची पायरी आहे. नोंदणीशी त्याचा संबंधच नाही. नफा पंचवीस हजार असो की शून्य, कंपनी आहे म्हणजे नोंदणी करायची आणि विवरणपत्रही भरायचं. शून्य दर म्हणजे कराच्या बाहेर असणं, असं ज्यांनी मानलं त्यांना हा फरक दंडाच्या पावतीवर कळला.

माझ्या एका खातेदाराच्या भावाचं शारजातलं लायसन्स फेब्रुवारी महिन्यातलं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. नोंदणीच्या मुदती लायसन्स कुठल्या महिन्यात निघालं त्यावर ठरवल्या होत्या, वर्ष कुठलंही असो. जानेवारी-फेब्रुवारीवाल्यांची मुदत सगळ्यात आधी, 31 मे 2024 ला संपली. याचा नफा पावणेचार लाखांच्या बराच आत, त्यामुळे तो निवांत होता. दंड लागला 10,000 दिरहम. कर एक दिरहमही देणं नव्हतं, आणि दंड दहा हजार! त्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा मला स्वतःचा राग आला, कारण तो पावणेचार लाखांचा आकडा मीही त्याच्याबरोबर व्हॅटच्याच अर्थाने वाचला होता. 2025 मध्ये तिथल्या सरकारने सवलत दिली : पहिला कर-कालावधी संपल्यापासून सात महिन्यांत विवरणपत्र भरलं तर उशिरा नोंदणीचा दंड माफ. जानेवारी ते डिसेंबर वर्ष धरणाऱ्यांसाठी ती तारीख 31 जुलै 2025 होती. आम्ही ती पाळली आणि त्याचा दंड सुटला. ज्यांनी नेहमीची नऊ महिन्यांची मुदत धरून 30 सप्टेंबरची वाट पाहिली, त्यांची ती संधी गेली.

दुसरा घोटाळा "स्मॉल बिझनेस रिलीफ"चा. उलाढाल 30 लाख दिरहमच्या आत असेल तर त्या वर्षी करपात्र नफा नाहीच असं धरलं जातं. देरातल्या भांड्यांच्या दुकानांना हे वरदान वाटलं, आणि आहेही. पण तीन गोष्टी मला दर वेळी पुन्हा सांगाव्या लागतात. ही मर्यादा उलाढालीची आहे, नफ्याची नाही. भांड्यांच्या धंद्यात माल फिरतो खूप आणि सुटतं थोडं, त्यामुळे 30 लाख वाटतात तितके लांब नसतात. एखाद्या वर्षी मर्यादा ओलांडली की पुढच्या वर्षी विक्री घटली तरी सवलत परत मिळत नाही. शिवाय ती आपोआप लागू होत नाही, विवरणपत्रात निवडावी लागते, आणि निवडली तर त्या वर्षाचा तोटा पुढे नेता येत नाही. नवं दुकान, पहिल्या वर्षी सजावटीवर भरमसाट खर्च, तोटा निश्चित. अशा वेळी सवलत घेण्यापेक्षा तोटा जपून ठेवणं शहाणपणाचं असू शकतं. हे सांगितलं की समोरचा गप्प होतो. सवलत नाकारायची, ही कल्पनाच आपल्याला नवी. आणि ही सवलत कायमची नाही. 31 डिसेंबर 2026 किंवा त्याआधी संपणाऱ्या कालावधींपुरतीच आहे.

पण या सगळ्या शब्दांत मला सगळ्यात जवळचा वाटला तो "रिलेटेड पार्टी". कायद्यात तो नात्याच्या चौथ्या पायरीपर्यंत जातो, रक्ताच्या आणि लग्नाच्याही नात्याने. ही मोजणी मी गाळ्यातल्या मंडळींना बोटांवर करून दाखवतो. मूळ माणसापर्यंत चढायचं आणि दुसऱ्या अंगाने उतरायचं. मी ते बाबा एक, बाबा ते आजोबा दोन, आजोबा ते काका तीन, काका ते चुलतभाऊ चार. मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, सगळे आत आले. सख्खा भाऊ तर दुसऱ्याच पायरीवर. बायकोचा भाऊही सुटत नाही. असे नातेवाईक मिळून दोन कंपन्यांत निम्मी किंवा त्याहून जास्त मालकी धरून असतील, तर त्या कंपन्याही एकमेकींच्या रिलेटेड पार्टी. भाईंदरचा धंदा ज्या नात्यांवर उभा राहिला ती सगळी नाती या एका व्याख्येत बसली.

त्यातून पुढचा शब्द येतो, "आर्म्स लेंग्थ". मी त्याला तिऱ्हाइताचा भाव म्हणतो. ओळखपाळख नसलेल्या गिऱ्हाइकाला जो भाव लावला असता, तोच भावाला लावायचा. इथेच खरी अडचण होती. पूर्वी तिकडे कर नसल्यामुळे किती तरी घरांत सरळ विचार होता, की माल धाकट्याला थोडा स्वस्तात पाठवू, नफा तिकडेच राहू दे. तिऱ्हाइताला 30 दिरहमला जाणारा डबा भावाच्या बिलावर 22 ला. भारतात या गोष्टीला 2001 पासून कायदा आहे, पण तेव्हा प्रश्न विचारणारं एकच सरकार होतं. आता त्याच बिलाकडे दोन सरकारं दोन बाजूंनी पाहतात. भाव खाली ठेवला तर इथला अधिकारी विचारतो, वर नेला तर तिथला. बिल खरं लिहिणं हीच त्यातली सगळ्यात स्वस्त वाट आहे, आणि हे मी माझ्या फीच्या काळजीने बोलत नाही. मालकाने स्वतःला किंवा घरच्यांना दिलेल्या पगारालाही हीच कसोटी आहे. त्या कामासाठी बाहेरच्या माणसाला जेवढं दिलं असतं, तेवढाच खर्च मान्य.

फ्रीझोनवाल्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आमच्या भागात ते कमी. जेबेल अली 1985 पासून आहे, शारजात हमरिया आहे. तिथेही शून्य टक्के, पण ठरावीक प्रकारच्या उत्पन्नावरच. त्यात न बसणारं उत्पन्न एकूण उलाढालीच्या 5 टक्के किंवा 50 लाख दिरहम, यांतल्या कमी आकड्याच्या वर गेलं, की ते वर्ष आणि पुढची चार वर्षं सवलत बंद. शिवाय त्यांना ऑडिट सक्तीचं, आणि स्मॉल बिझनेस रिलीफ त्यांच्यासाठी नाही. "आम्ही फ्रीझोनमध्ये आहोत" हे वाक्य आता अर्धंच राहिलं आहे. 2025 पासून मोठ्या बहुराष्ट्रीय समूहांना लागू झालेला 15 टक्क्यांचा कर मात्र आमच्यापैकी कुणाला शिवणारा नाही.

2022 च्या त्या घोषणेनंतर मला सगळ्यात जास्त फोन आले ते दुकानदारांचे नव्हते. मीरा रोड, उत्तन, काशिमीरा इथल्या घरांतून बायकांचे आले. नवरा अबुधाबीत फोरमन, मुलगा दुबईत नर्स. पगारातून आता किती कापणार? काहीच नाही. पगार या करात येत नाही, स्वतःच्या गुंतवणुकीचं उत्पन्न येत नाही, घराचं भाडंही बहुधा येत नाही. व्यक्तीने स्वतःच्या नावावर धंदा केला आणि वर्षाची उलाढाल 10 लाख दिरहमच्या वर गेली, तरच. "फ्रीलान्स" परवाना काढून कामं घेणारी तरुण मुलं या वर्गात येऊ शकतात. एका आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, मुलाला पाठवायला.

इथून फक्त निर्यात करणाऱ्याला तिकडचा कर लागत नाही, जोवर तिकडे त्याचं कायमचं ठाणं होत नाही. पण त्याच्या वतीने देरात बसून कुणी नेहमी सौदे पक्के करत असेल, तर ते ठाणंच. "तो आपला माणूस आहे, कमिशनवर असतो" असं म्हणणाऱ्यांना मी तो माणूस नेमकं काय करतो हे आधी विचारतो. भाव सांगतो, की सौदा ठरवतो?

मध्यंतरी आमच्या गाळ्यातल्या दोन भावांनी एक काम केलं. थोरला इथे, धाकटा शारजात. दोघांनी मिळून भावपत्रक लिहिलं, डब्यापासून परातीपर्यंत, आणि सुरतच्या ज्या व्यापाऱ्याला ते माल विकतात त्याची बिलं शेजारी लावली. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. मी ते फाइलला लावत होतो तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. अजमानला त्याच्या मेव्हण्याने छोटं दुकान टाकलंय, माल इथूनच जाणार आहे.

"मेव्हणा मोजायचा का, साहेब?"

मी पायऱ्या मोजल्या आणि भावपत्रकाची आणखी एक प्रत काढायला सांगितली.