दहा राग, तीन यंत्रे आणि अठ्ठावीस वर्षे थांबलेली दाद

लेखमाला ‘कान आणि काळ’ : भाग सहावा

1982 साली एचएमव्हीने एक तबकडी बाजारात आणली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हे तिचे नाव. वाजवणारा एकच माणूस, चरणजित सिंग. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत अनेकांच्या वाद्यवृंदात गिटार, बास आणि कीबोर्ड वाजवलेला हा वादक. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला पन्नास-पन्नास वादक एका खोलीत बसत, त्या काळात हा माणूस तीन यंत्रे घेऊन एकटाच बसला. गायक नाही, गीतकार नाही, तबला नाही. ललित, तोडी, भूपाली, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे एकाहून एक राग आणि खाली अखंड चालणारा डिस्कोचा ठेका.

त्यातला काही भाग आकाशवाणीवरून वाजला. तबकडी मात्र खपली नाही आणि थोड्याच दिवसांत विस्मरणात गेली.

या अपयशाचा दोष चरणजित सिंगांच्या वादनाला देता येत नाही. तो काळ डिस्कोचाच होता. 1980 मध्ये ‘कुर्बानी’ आला, 1981 मध्ये नाझिया हसनचे ‘डिस्को दीवाने’ घरोघरी पोचले, 1982 संपता संपता ‘डिस्को डान्सर’ पडद्यावर आला. पण त्या डिस्कोत गाणे होते, चेहरा होता, नाचणारे पाय होते. इथे यातले काहीच नव्हते. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला पाच मिनिटांत संपणारा राग पटणे अवघडच. सावकाश उलगडणारी आलापी नाही, विलंबित नाही, मग ऐकायचे काय? आणि ज्याला नाचायचे आहे त्याच्यापुढे तोडी ठेवली तर तोही बुचकळ्यात पडणार. दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांना ही तबकडी परकी वाटली आणि तिला स्वतःचा श्रोता असा राहिलाच नाही.

आता ती तीन यंत्रे. तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची. ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ताल वाजवणारे यंत्र आणि टीबी-303 हे बासचे छोटे यंत्र. यातल्या टीबी-303ची गोष्ट मोठी विलक्षण आहे. गिटार वाजवणाऱ्याला घरी सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून ते बनवले होते. आवाज खऱ्या बास गिटारसारखा येईना, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना, आणि 1984 मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. तसे एक यंत्र शिकागोतल्या फ्युचर या तरुणांच्या गटाच्या हाती लागले. त्यांनी आवाज गाळणारी बटणे मनसोक्त फिरवली, तेव्हा एक चिरका, वळवळणारा सूर निघाला. 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध झाले आणि त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत युरोपभर पसरले.

टीबी-303मध्ये सोळा घरांचे एक आवर्तन भरता येते आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते. भारतीय कानाला ही घसरण लगेच ओळखू येते, कारण तिचे नाते मींडेशी आहे. हार्मोनियमला मींड घेता येत नाही, म्हणून आकाशवाणीने 1940 पासून कित्येक वर्षे तिला दूर ठेवले होते. टीबी-303ला मींड पूर्ण साधत नाही, पण तिचा भास मात्र ते देते. ललितमध्ये पंचम वर्ज्य आणि शुद्ध मध्यम व तीव्र मध्यम एकमेकांना लागून येतात. कीबोर्डवर या दोन शेजारच्या पट्ट्या. त्या जोडीवरून यंत्राचा सूर घसरत गेला की अंगावर काटा येतो. भूपाली आणि मालकंस पाच-पाचच स्वरांचे, त्यामुळे सोळा घरांच्या आवर्तनात ते सहज मावतात. पहिल्या रागात तर यंत्रातून घडवलेला आवाज ‘ॐ नमः शिवाय’ म्हणतो. हे ऐकताना या माणसाला जुन्याची थट्टा करायची नव्हती, हे स्पष्ट कळते.

2002 मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली. त्याने मुंबईत चरणजित सिंगांचे घर गाठले आणि 2010 मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. मग मात्र युरोपात खळबळ उडाली. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत अ‍ॅसिड हाउस! कित्येकांना हे खरेच वाटेना. एफेक्स ट्विन या नावाने संगीत करणाऱ्या ब्रिटिश संगीतकाराने गंमत म्हणून ही जुनी दिसणारी तबकडी रचली असावी, अशी शंका उघड बोलली गेली. मुंबईत जन्म घालवलेल्या वादकाचे काम त्याचेच आहे, एवढे मान्य व्हायलाही पुरावा मागितला गेला. ही शंका अन्यायाची होती, आणि तसे म्हणायला हवे.

पुढे कौतुक झाले, सत्तरी गाठलेल्या चरणजित सिंगांनी युरोपात कार्यक्रम केले. पण त्या कौतुकाचा सूर एकच होता : हा पहिला. वस्तुतः शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा काही पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन गावांत दोन वेगळी संगीते निघाली, इतकेच खरे. ‘पहिला कोण’ या शर्यतीत समीक्षकांनी खालचा बास आणि ठेका ऐकला, वरचा राग ऐकायचा राहिला. मधुवंतीतला कोमल गंधार आणि तीव्र मध्यम यांच्यातले अंतर त्यांच्या कानांना रंजक वाटले असेल, ओळखीचे वाटणे शक्य नव्हते.

यंत्रांजवळ बसून केलेल्या संगीताला दाद नेहमीच अशी उशिरा मिळते असे नाही. आइसलंडच्या ब्यर्कने 2001 मध्ये ‘वेस्परटाइन’ हा अल्बम काढला. लॅपटॉपवर जुळवलेले, पत्ते पिसल्याचे, बर्फ तडकल्याचे बारीक आवाज, वीणेसारखा हार्प, म्युझिक बॉक्स, ग्रीनलंडच्या मुलींचे समूहगान. कुजबुजीच्या अंतरावरून गायलेली गाणी. समीक्षकांनी बहुतेक गौरवच केला, काही श्रोत्यांनी मात्र चाली हाती लागत नाहीत अशी तक्रार केली. 2018 मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या नाट्यगृहाने त्या संपूर्ण अल्बमचा ऑपेरा केला. ब्यर्क आधीच प्रसिद्ध होती, त्यामुळे निदान वाद तरी लगेच सुरू झाला. चरणजित सिंगांच्या वाट्याला 1982 मध्ये वादही आला नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या श्रोत्याने चरणजित सिंगांच्या तबकडीकडे वेगळ्या बाजूने पाहावे, असे सुचवावेसे वाटते. इथल्या कानांना यंत्र आणि परंपरा एकत्र ऐकण्याची सवय आहे. तुळजापुरात संबळ-तुणतुण्यावरचा गोंधळ आणि आराध्यांची गाणी ऐकत वाढलेला माणूस लग्नाच्या वरातीत बँजो पार्टीचा कॅशिओ आणि ऑक्टोपॅडही ऐकतो. येरमाळ्याच्या यात्रेत येडेश्वरीचे गाणे कीबोर्डवर सनईच्या आवाजात वाजते, तेव्हा वादक सूर वाकवण्याचे चाक अंगठ्याने हलवून मींडेची नक्कल करतो. त्याला कुणी प्रयोगशील म्हणत नाही. तरी चरणजित सिंगांनी स्टुडिओत केले त्याच जातीचे हे काम आहे, आणि ते ऐकलेला श्रोता या दहा रागांबद्दल लंडनच्या समीक्षकापेक्षा नेमके बोलू शकेल. ठेका फार यांत्रिक आहे, समेवर कुठे जोर येत नाही, असे त्याला वाटले तर तेही मोलाचे. ती तक्रार खरीच आहे. दहाही राग एकाच चालीने पळतात आणि मेघमल्हारला जो संथपणा हवा तो मिळत नाही. तरीही ललित आणि मधुवंती या तबकडीवर टिकून राहतात. त्यांच्यासाठी ती घ्यावी.

चरणजित सिंग 2015 च्या जुलैत मुंबईत गेले. दाद मिळाली ती एक प्रत कुठेतरी शिल्लक होती म्हणून. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा इथल्या बँजो पार्ट्यांनी, आराधी मंडळांनी भरलेल्या कॅसेटी अजूनही काही घरांत माळ्यावर पडून असतील. त्यांच्यावर वादकांची नावे नसतात, सालही नसते. ज्यांच्याकडे अशी कॅसेट असेल त्यांनी ती फेकण्याआधी कुणी वाजवले, कुठे वाजवले, कोणत्या वर्षी, एवढे तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद कॅसेटच्या डबीत ठेवावा.