एकच खडक, अनेक जमिनी

काळी जमीन म्हणजे सुपीक जमीन, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून लाव्हारस बाहेर पडला आणि त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग या बेसॉल्ट खडकाने व्यापला आहे. खडक एकच असला, तरी पर्जन्यमान व उतार यांनुसार त्यापासून झालेल्या मृदा भिन्न आहेत. सह्याद्रीचा माथा व कोकण येथे मुसळधार पावसाने चुना व सिलिका वाहून गेली आणि लोहयुक्त, आम्लधर्मी जांभा मृदा उरली. पठारावर पाऊस कमी असल्याने चुना टिकला व काळी, विम्लधर्मी मृदा तयार झाली.

काळ्या जमिनींचे वर्गीकरण प्रामुख्याने खोलीवरून केले जाते. माथ्यावर उथळ, मुरमाड, उतारावर मध्यम, गोदावरी, तापी, पूर्णा यांच्या खोऱ्यांत एक मीटरहून खोल व भारी, असा त्यांचा क्रम आढळतो. शास्त्रीय परिभाषेत यांना साधारणपणे अनुक्रमे एन्टिसॉल, इन्सेप्टिसॉल व व्हर्टिसॉल म्हणतात. जपान, इंडोनेशिया येथील ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या भुसभुशीत मृदांचा ‘अँडिसॉल’ हा गट यांहून वेगळा आहे.

भारी जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. ही माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. ती ओल दीर्घकाळ धरून ठेवते; म्हणूनच पावसाळ्यानंतर केवळ साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पिकते. परंतु रंग काळा असूनही तिच्यात सेंद्रिय कर्ब व नत्र बेताचेच असते आणि पाण्याचा निचरा अतिशय मंद होतो.

हा दोष कालव्याचे पाणी आल्यावर उघड होतो. अतिरिक्त पाण्याने भूजल वर येते, त्यासोबत क्षारही वर येतात आणि जमीन खारवट किंवा चोपण बनते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. अवघ्या पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, डॉ. हॅरल्ड मॅन यांना सहकाऱ्यासह त्या खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध करावा लागला.

म्हणून गावात पाणी आणण्यापूर्वी जमिनीची खोली जाणून घेणे अगत्याचे आहे. शिवारात पुरुषभर खोल खड्डा घेऊन मातीचे थर पाहावेत, माती तपासून घ्यावी आणि भारी जमिनीत पाण्याच्या पाटाबरोबरच निचऱ्याच्या चरांचीही आखणी करावी. ओढ्याच्या दरडीत हेच थर विद्यार्थ्यांना सहज दाखविता येतील. पाणी देण्याइतकेच ते काढून देणेही महत्त्वाचे आहे, हा धडा आपल्या काळ्या जमिनीनेच दिला आहे.