कावेरीकाठची उमेदवारी

परदेश पाहणे आणि परदेशात उमेदवारी करणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने तंजावर जिल्ह्यातील स्वामीमलै या गावी जावे. कुंभकोणमच्या पश्चिमेस, कावेरीच्या काठी वसलेल्या या लहानशा गावात पंचलोहाच्या देवमूर्ती ओतणाऱ्या स्थपतींची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत. चोळ राजांनी देवालये उभारली त्या काळी आपले पूर्वज या प्रांती आले आणि येथील नदीचा गाळ साच्याला सर्वोत्तम ठरल्यामुळे येथेच स्थिरावले, असे ही मंडळी अभिमानाने सांगतात. त्यांच्या कारखान्यांत दूरदूरच्या देशांतील कलाशाळांतून व विद्यापीठांतून आलेली तरुण मुले-मुली काही महिन्यांच्या मुदतीने काम शिकण्यासाठी राहतात. अशाच एका कारखान्याच्या ओसरीवर बसून एक युरोपीय मुलगी आणि धातुशास्त्राचा अभ्यास करणारा एक जपानी तरुण यांची उमेदवारी मला जवळून पाहता आली, आणि तीत जे आढळले ते मराठी वाचकाच्या विशेष उपयोगी पडण्याजोगे आहे असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

दीर्घ मुदतीच्या परवान्यावर आलेल्या परदेशी नागरिकाला प्रथम सरकारी कचेरीत नाव नोंदवावे लागते, दाखले सादर करावे लागतात. परंतु सरकारी दप्तरात नाव दाखल होण्यास जेवढा अवधी लागतो त्याहून कितीतरी अधिक अवधी कारखान्यातील माणसांनी त्याला आपल्यातला मानण्यास लागतो. नव्या उमेदवाराच्या हाती येथे कोणी मेण देत नाही, मग छिन्नी तर दूरच राहिली. त्याने माती चाळावी, पाणी आणावे, शेगडीतील निखारे फुलवावेत आणि इतरांचे हात पाहत राहावे, असा क्रम आहे. आपल्या देशात पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या दोघांनी हा क्रम तक्रारीवाचून स्वीकारला. आणि स्थपतींनीही, परदेशी पाहुणे म्हणून त्यांना उंच आसनावर बसवून ठेवण्याऐवजी, घरच्या मुलांबरोबर त्याच जमिनीवर, तीच घमेली देऊन बसविले. मला तर या वागणुकीतच खरा सन्मान दिसला.

कामाचा आरंभ मापापासून होतो. मूर्तीच्या नियोजित उंचीएवढी नारळाच्या पातीची एक पट्टी कापून घेतात आणि तिला घड्या घालून शरीराचे विभाग पाडतात. मुखाचे माप एक ताल, तालाची अंगुळे बारा, आणि अंगुळाचेही पुढे यव. शिव व विष्णू यांच्या मूर्तींस उत्तम दशतालाचे १२४ अंगुळांचे प्रमाण, तर देवीच्या मूर्तीस मध्यम दशतालाचे १२० अंगुळांचे प्रमाण, असा शिल्पशास्त्राचा दंडक आहे. धातूची जाडी मिलिमीटरच्या अंशांत मोजण्याची सवय असलेल्या त्या जपानी तरुणाला, कोणताही बाह्य मापदंड न वापरता मूर्तीचे माप मूर्तीतूनच काढण्याची ही रीत इतकी भावली, की त्याने अशा पट्ट्यांच्या घड्या घालण्याचा सराव रात्री आपल्या खोलीत बसून केला.

मापामागून मेण येते. मधमाश्यांचे मेण, राळ आणि भुईमुगाचे तेल एकत्र तापवून हा लगदा तयार होतो, आणि उन्हाळ्यात तो मऊ पडू नये, थंडीत तडकू नये म्हणून तेलाचे प्रमाण ऋतूप्रमाणे कमीजास्त करावे लागते. हे प्रमाण कोणत्याही वहीत लिहिलेले नसते, ते बोटांना कळावे लागते. मस्तक, धड, हात, आयुधे आणि पीठ निरनिराळी घडवून तापविलेल्या लोखंडी सळईने सांधतात, आणि मेण हातात वितळू लागले की जवळच्या पाण्याच्या पात्रात बुडवून पुन्हा घट्ट करतात. जानवे, कटिसूत्र व अलंकार यांसाठी मेणाचे धागे वळावे लागतात, आणि ते पाटावर शेवया वळाव्यात तसे तळव्याखाली एकसारखे वळणे हीच त्या युरोपीय मुलीची पहिली खरी परीक्षा होती. धागा मध्येच जाड होई, मध्येच तुटे; स्थपती काही न बोलता तो उचलून पुन्हा मेणाच्या गोळ्यात मिळवीत आणि तिच्यापुढे ठेवीत. ज्या दिवशी तिने वळलेला धागा त्यांनी प्रथमच एका लहानशा पार्वतीच्या गळ्यात बसविला, त्या दिवशी कारखान्यात कोणी प्रशंसेचा शब्द उच्चारला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ओळीतली तिची जागा पुढे सरकली.

मेणाची मूर्ती पुरी झाल्यावर तिच्यावर मातीचे लेप चढतात. पहिला लेप कावेरीच्या अत्यंत तलम गाळाचा, त्यात जळलेल्या भाताच्या तुसाची बारीक पूड मिसळलेली. मेणावरील प्रत्येक रेषा हाच लेप आपल्या अंगावर उमटवून घेतो. दुसरा लेप शेतातील चिकणमाती व वाळू यांचा, तिसरा त्याहून भरड, आणि मोठ्या मूर्तीस बाहेरून लोखंडी तारांचा बंध. प्रत्येक लेप सावलीतच वाळला पाहिजे, कारण उन्हात तो भेगाळतो. आणि म्हणून पावसाळी हवेत दिवसच्या दिवस वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. मुदत मोजून आलेल्या तरुणांना हे वाट पाहणे प्रथम जड जाते, परंतु घाईने केलेले काम ओतण्याच्या घटकेला उघडे पडते हे त्यांना एकदा समजले, की मग त्यांच्या चालण्याबोलण्यातही एक प्रकारची सबुरी येते, असा माझा अनुभव आहे.

ओतण्याचा दिवस हा कारखान्यात सणाचा दिवस. मेणाचे वजन आधीच करून ठेवलेले असते आणि त्याच्या आठ-नऊ पट धातू मुशीत घालतात. त्यात मुख्य भाग तांब्याचा, जोडीला पितळ व शिसे, आणि चांदी व सोने नावापुरते, पण श्रद्धेने. साचा भट्टीत तापला की मेण वितळून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. मग तो तापलेला साचा तोंड वर करून जमिनीत पुरतात, भोवती माती ठासतात आणि प्रार्थना करून तप्त रस अखंड बारीक धारेने आत सोडतात. धार तुटली तर मूर्तीत दोष राहतो. साचा निवल्यावर तो फोडतात, आणि फुटलेला साचा पुन्हा उपयोगी पडत नसल्यामुळे एका साच्यातून एकच भरीव मूर्ती निघते. पुढे कानस, छिन्नी आणि हातोडी यांचे काम कित्येक आठवडे चालते आणि शेवटी चिंच व रिठे यांच्या पाण्याने मूर्ती घासून उजळतात. धातूच्या रसाचा रंग पाहून त्याची उष्णता ओळखणाऱ्या वृद्ध ओताऱ्याशेजारी तो जपानी तरुण उभा होता. यंत्राने जे मोजावयास तो शिकला होता ते डोळ्यांनी मोजणारा माणूस पाहून त्याने कमरेत वाकून जो नमस्कार केला, त्याचा अर्थ कोणालाही दुभाष्यावाचून समजला असता.

कामातून संस्कृतीकडे जाणारी वाट या मुलांना शोधावी लागत नाही. वडीलधाऱ्या कारागिराला ‘अय्या’, वयाने थोड्या मोठ्याला ‘अण्णा’, जेवू घालणाऱ्या गृहिणीला ‘अम्मा’ म्हणावयाचे, केळीच्या पानावर उजव्या हाताने जेवावयाचे, पहाटे दारासमोर कोलम म्हणजे रांगोळी रेखाटणाऱ्या मुलींशेजारी बसून ठिपके जोडावयाचे, हे सारे आपोआप अंगवळणी पडते. रविवारी ती स्वामीनाथाच्या देवळाच्या साठ पायऱ्या चढतात, ज्या तमिळ पंचांगातील साठ संवत्सरांच्या मानल्या जातात. कधी दारासुरमला जातात, कधी मोटारीने पापनाशमवरून तंजावर गाठतात. पौष वद्य पंचमीच्या सुमारास तिरुवैयारूला संगीतकार त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात, तेथेही ही मुले श्रोत्यांत दिसतात. मात्र प्रवासी जसे पाहतात तसे ती पाहत नाहीत. तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन मूर्तींसमोर ती युरोपीय मुलगी बराच वेळ उभी राहिली, तेव्हा तिची दृष्टी वृषभवाहन शिवाच्या मुखावरून उतरून त्याच्या जटामुकुटातील वळशांवर खिळली होती. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मेणाचा तो वळसा कसा घातला असेल, याचा विचार तिची बोटे करीत होती.

त्याच राजवाड्यात मराठी माणसाचे मन मात्र दुसऱ्याच विचाराने भरून येते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे राज्य स्थापिले ते १८५५ पर्यंत भोसल्यांकडे राहिले. येथील बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारावर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही उभा आहे. हे राजे येथे परके म्हणून आले, तमिळ भूमीची विद्या शिकले, तेलुगूत व मराठीत नाटके रचते झाले, आणि सरफोजीराजांनी तर सरस्वती महाल ग्रंथालयाचा संग्रह जगाने नाव घ्यावे एवढा वाढविला. त्या सरफोजींचे बालपणीचे पालक श्वार्ट्झ हे १७५० साली ऐन तारुण्यात युरोपातून तरंगंबाडीस उतरले, तमिळ व हिंदुस्तानी शिकले आणि १७९८ मध्ये तंजावरातच निवर्तले. आर्थर बर्नेल नावाचा इंग्रज तरुण १८६० साली विशीत मद्रासेस आला, न्यायखात्याची नोकरी सांभाळून येथील संस्कृत पोथ्यांत बुडून गेला, आणि १८८० मध्ये त्याने या पोथ्यांची वर्गवार सूची छापून काढली. तंजावरने परदेशी उमेदवार नेहमीच पाहिले आहेत, आणि जे काम घेऊन बसले त्यांचीच नावे येथे उरली आहेत.

आता आपल्याकडे पाहू. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांबरोबर तंजावर दरबाराच्या मोडी कागदांचे शेकडो रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत: छत्रांचा म्हणजे अन्नछत्रांचा व धर्मशाळांचा खर्च, वैद्यांच्या नेमणुका, नाटकशाळेचा हिशेब, पाहुण्यांचा सरबराईखर्च. त्यातील काही कागद तमिळ विद्यापीठाने गेल्या शतकाच्या अखेरीस तमिळ भाषांतरासह प्रसिद्ध केले. हे काम मराठी माणसाने करावयाचे होते, ते तमिळ विद्वानांनी केले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींची वाहने बृहदीश्वरापाशी थांबतात, सरफोजींच्या संगमरवरी पुतळ्यापुढे छायाचित्रे काढली जातात, आणि सायंकाळी ती रामेश्वरच्या रस्त्याला लागतात. त्यांच्या भक्तीविषयी शंका नाही. परंतु अशा भेटीतून दप्तराची एक ओळही वाचली जात नाही.

म्हणून महाराष्ट्रातील विद्यापीठांना आणि इतिहासाच्या संस्थांना माझी विनंती आहे, की त्यांनी मोडी वाचू शकणारे चार-दोन विद्यार्थी दरवर्षी निवडून, ग्रंथालयाच्या नियमांप्रमाणे रीतसर परवानगी घेऊन, एका हंगामाच्या उमेदवारीसाठी तंजावरास धाडावेत. त्यांनी तेथे एखाद्या तमिळ कुटुंबात राहावे, तमिळ शिकावे, एका वेळी एक रुमाल सोडावा, वाचावा, उतरवून घ्यावा आणि पुन्हा नीट बांधून ठेवावा. हजारो कोस दूरच्या देशांतील मुले स्वामीमलैची माती चाळावयास येत असतील, तर पुण्या-साताऱ्याच्या मुलांनी आपल्याच पूर्वजांचे कागद वाचण्यासाठी एवढा प्रवास करणे अवघड नाही. त्यांच्या राहण्या-जेवण्याच्या खर्चाची तरतूद मात्र आपण वडीलधाऱ्यांनी केली पाहिजे.