समुद्रावर वाट कोणाची?

नानाखेडा चौकातून सायकलने जाताना आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. समुद्रावर मात्र ना रस्ता, ना पांढरे पट्टे, ना वाहतूक पोलीस! शिवाय जहाजाला ब्रेक नसतो. भरलेले मोठे मालवाहू जहाज इंजिन उलटे फिरवले तरी थांबेपर्यंत दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊ शकते. मग जगभरची जहाजे एकमेकांना वाट देतात तरी कशी?

त्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले व १५ जुलै १९७७ पासून ते लागू झाले. त्यांतील काही मुख्य नियम असे :

दोन यांत्रिक जहाजे समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यावी. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने, मग ते कोणतेही असो, पुढच्याला सांभाळून जावे. खुल्या समुद्रात यांत्रिक जहाजाने शिडाच्या नावेला आणि जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या नावेला वाट द्यावी. अरुंद खाडीत मात्र छोट्या नावांनी मोठ्या जहाजांना अडवू नये.

शिडाच्या नावांचा न्याय वारा करतो. ज्या नावेवर वारा डावीकडून येतो, तिने उजवीकडून वारा घेणाऱ्या नावेला वाट द्यावी. दोघींना एकाच बाजूने वारा असेल, तर वाऱ्याच्या बाजूची नाव दुसरीला वाट देते.

रात्री दिवे बोलतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. आपल्या उजव्या हाताला आडव्या जाणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला, की वाट आपण द्यायची. यांत्रिक जहाजे भोंग्यानेही बोलतात. एक छोटा आवाज म्हणजे ‘मी उजवीकडे वळतो’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘इंजिन उलटे फिरवतो’. पाच छोटे आवाज म्हणजे ‘तुमचा विचार काय आहे, कळत नाही!’ निशाणांचीही भाषा आहे. लाल-पिवळे तिरपे ‘ओ’ निशाण म्हणजे माणूस पाण्यात पडला आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्याला वाट मिळायची आहे, त्यालाही कर्तव्य आहे. त्याने आपली दिशा व वेग बदलू नये, म्हणजे समोरच्याला अंदाज येतो. परंतु समोरचा हललाच नाही आणि टक्कर अटळ दिसू लागली, तर ‘वाट माझी होती’ म्हणून स्वस्थ बसता येत नाही; टक्कर टाळण्यासाठी त्यालाही हालचाल करावीच लागते.

चूक किती महाग पडते ते ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दिसले. सकाळच्या उजेडात बाहेर निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्यापर्यंत पसरले. काही दिवस बंदराची वाहतूक बंद राहिली व कोळी बांधवांची मासेमारी बुडाली.

‘आपल्या माळव्यात समुद्र कुठे?’ असे कोणी म्हणेल. पण शेजारच्या देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर हिने भोपाळच्या मोठ्या तलावावर, नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, शीड सांभाळायला शिकून २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवले. शर्यतीतही वाऱ्याचे वर सांगितलेले दोन्ही नियम पाळावे लागतात.

पालकांना विनंती, की भोपाळला गेलात तर मुलांना तलावावरील शिडे जरूर दाखवा आणि विचारा, ‘यातली कोणती नाव कोणाला वाट देईल?’