पूर ओसरल्यानंतरची स्वयंसेवा

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी हे कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले दत्तक्षेत्र होय. पावसाळ्यात नदीचे पाणी मंदिरात शिरते व श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानासाठी भाविकांची दाटी होते. तेच पाणी पुढे गल्लीबोळांत चढले की महापूर होतो. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी शिरोळ तालुक्याने तो अनुभवला.

पाणी चढत असताना मदतीला धावणाऱ्यांची वानवा नसते. पाणी ओसरल्यावर मात्र घराघरांत गाळ साचलेला असतो, विहिरी दूषित असतात, शाळेचे जनरल रजिस्टर भिजलेले असते. अशा वेळी परिसरातील साखर कारखाने, बँका, शाळा व कचेऱ्या यांतील नोकरदारांची स्वयंसेवा मोलाची ठरते.

श्रमदान आपणांस नवे नाही. 1969 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आणि 2000-01 पासूनचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान यांनी ते घरोघरी नेले. नोकरदारांच्या बाबतीत मात्र थोडा भेद करावा लागतो. वायरमनने तुटलेली तार जोडणे हे त्याचे कर्तव्य आहे. एक दिवसाचे वेतन मदतनिधीस देणे ही देणगी आहे. आपला वेळ व कसब स्वेच्छेने देणे ही स्वयंसेवा. यातील ‘स्वेच्छेने’ हा शब्द फार जपावा लागतो, कारण साहेबांची विनंती हाताखालच्या माणसाला आज्ञाच वाटते. नकार देणाऱ्याचे नाव कोठेही नोंदले जाऊ नये.

कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावयाची असते. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशांत मोल करून तो या खर्चात दाखविता येत नाही. हे योग्यच झाले. अन्यथा फावड्यापेक्षा हजेरीपटच अधिक चालला असता.

पुरानंतर माणसे शोधत बसणे म्हणजे निम्मे दिवस वाया घालविणे होय. ग्रामपंचायतीने मे महिन्यातच प्रत्येक आस्थापनेकडून कसबवार यादी घ्यावी : विजेचे काम जाणणारे, पंप चालविणारे, हिशेब ठेवणारे. पंचगंगेची इशारा पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट, तर कृष्णेची सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट आहे. दोन्ही नद्यांचे पाणी वाडीस मिळत असल्याने यांपैकी कोणतीही पातळी ओलांडली जाताच यादीतील व्यक्तींशी संपर्क साधावा.

गाळ उपसणाऱ्यास गमबूट व हातमोजे हवेतच. पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. पायाला जखम असलेल्याने त्यात उतरू नये, आणि प्रतिबंधक औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यावे. विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री झाल्याखेरीज कोणीही भिंतीस हात लावू नये. भिजलेली दप्तरे कडक उन्हात न टाकता, पानांमध्ये टिपकागद घालून, सावलीत वाऱ्यावर वाळवावीत. हे काम शिक्षक व लिपिक उत्तम करू शकतात.

ज्यांना कष्टाचे काम झेपत नाही, त्यांनी पंचनामा होण्यापूर्वी वृद्धांच्या घरी बसून नुकसानीची यादी व अर्ज लिहून द्यावा.