रक्तस्तंभक द्रव्ये, शोषणक्षम

शस्त्रक्रियेत टाके किंवा विद्युत् दहन यांनी न थांबणारा रक्तस्राव थांबविण्यासाठी जखमेवर ठेवली जाणारी व पुढे शरीरात शोषली जाणारी द्रव्ये. ऑक्सिडीकृत सेल्युलोज व जिलेटिनाचा स्पंज १९४०–५० या दशकात प्रचारात आले. हृद्-फुप्फुस यंत्रासाठी हेपारीन द्यावे लागते व बिंबाणूंचे कार्यही मंदावते. त्यामुळे हृदयावरील शस्त्रक्रियेत ही द्रव्ये विशेष उपयोगी पडतात.

शोषणक्षम असली, तरी ती निरुपद्रवी नाहीत. जिलेटिनाचा स्पंज द्रव शोषून फुगतो व बंदिस्त जागेत लगतच्या भागांवर दाब आणतो. सूक्ष्मतंतुमय कोलॅजेनाचे कण छातीतून ओढून परत दिलेल्या रक्ताबरोबर गाळणीतून निसटून सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजवू शकतात. गोजन्य थ्राँबिनामुळे क्लथन घटक ५ विरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊन क्वचित उलट रक्तस्रावच होतो. उरलेल्या द्रव्यात जंतुसंसर्ग वा कणार्बुद उद्‌भवू शकते. सेल्युलोजात अडकलेली हवा संगणकीय छेदचित्रणात विद्रधीसारखी (गळवासारखी) दिसते व छाती विनाकारण पुन्हा उघडली जाण्याचा धोका असतो. म्हणून ही द्रव्ये अल्पतम प्रमाणात वापरतात, रक्तस्राव थांबल्यावर जादा भाग काढून टाकतात आणि ठेवलेल्या द्रव्याची व जागेची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणात करतात.